कुटुंबनियोजन : सक्ती, संख्या आणि स्त्री

(सात रस्ता, सोलापूर येथे भरलेल्या कार्यकर्त्यांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय मी जेव्हा संयोजकांना कळविला, तेव्हा त्यांच्यापैकी एकाने मला सरळ विचारले, ‘हा विषय सरकारचा आहे, आपला कसा?’ त्यांच्या प्रश्नात थोडी चेष्टा होती आणि बरीचशी खरी अडचणही होती. महागाई, बेकारी, यंत्रमाग कामगारांचे किमान वेतन, विडी कामगारांची घरे या प्रश्नांवर आपण मोर्चे काढतो. कुटुंबनियोजनाचा प्रश्न मात्र आपण दवाखान्याच्या भिंतीवरील लाल त्रिकोणाकडे सोपवून मोकळे होतो. १९७७ नंतर तर हा शब्द उच्चारणेही आपल्यापैकी अनेकांना अवघड वाटू लागले. हे मौन का आले, त्याची किंमत कोणी मोजली आणि आता ते का सोडले पाहिजे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम जगाकडे एक दृष्टी टाकू. जगाची लोकसंख्या १०० कोटी होण्यास एकोणिसाव्या शतकाचा आरंभ उजाडावा लागला. पुढचे १०० कोटी सव्वाशे वर्षांत झाले. १९७४ च्या सुमारास ती ४०० कोटी होती, १९८७ साली ५०० कोटी झाली, आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या गणनेनुसार १५ नोव्हेंबर २०२२ रोजी तिने ८०० कोटींचा टप्पा ओलांडला. २०२३ साली भारताने चीनला मागे टाकले. आपल्या देशात १९५१ साली ३६ कोटी माणसे होती. २०११ च्या जनगणनेत ती १२१ कोटी भरली. हे आकडे ऐकले की कोणाच्याही छातीत धडकी भरावी. माल्थस नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने १७९८ साली हीच धडकी भरवून घेतली होती. माणसे अन्नापेक्षा वेगाने वाढतात, म्हणून गरिबांना मदत करणे व्यर्थ होय, असा त्याचा निष्कर्ष. मार्क्सने त्याला कडाडून उत्तर दिले. उपासमारीचे मूळ माणसांच्या संख्येत नसून संपत्तीच्या वाटणीत आहे, हे त्याचे म्हणणे आजही खोटे ठरलेले नाही. सरासरी अमेरिकन नागरिक आज वातावरणात जेवढा कर्बवायू सोडतो, तो सरासरी भारतीयाच्या सहा-सात पट आहे. पृथ्वीवरचा भार मोजावयाचा तर डोकी मोजून भागत नाही, प्रत्येक डोक्यामागचा उपभोगही मोजावा लागतो.

परंतु मित्रहो, माल्थसला उत्तर दिले म्हणजे आपले काम संपले, अशी आपण स्वतःची समजूत करून घेतली, आणि तेथे आपले चुकले. लोकसंख्येचा प्रश्न श्रीमंतांनी उकरून काढलेला बहाणा आहे असे व्यासपीठावरून म्हणणे सोपे आहे. ज्या घरात आठवे बाळंतपण होते, त्या घरातल्या बाईला ते सांगून पाहा.

माझी आई विड्या वळत असे. तेंदूची पाने भिजवावयाची, कातरीने कापावयाची, तंबाखू भरून दोरा बांधावयाचा. हजार विड्या पुऱ्या झाल्या की दिवस संपला. तिची नऊ बाळंतपणे झाली. आम्ही जगलो चौघे. तिने इतकी मुले का होऊ दिली, असा प्रश्न शिकलेल्या माणसांनी मला पुढे अनेकदा विचारला. ती अडाणी होती म्हणून, असे उत्तर त्यांना अपेक्षित असे. वस्तुतः तिचा हिशेब चोख होता. पाचांतली दोन जगतील याची खात्री नाही; म्हातारपणी पेन्शन नाही; आणि सहा वर्षांची मुलगी पाने पुसू लागली, आठव्या वर्षी दोरा बांधू लागली की घरात शे-दोनशे विड्या अधिक होतात. ज्या घरात मूल हेच विम्याचे कागद आणि मूल हेच जादा हात, त्या घराला ‘लहान कुटुंब सुखी कुटुंब’ ही पाटी वाचून दाखविण्यात काय अर्थ? मात्र याच हिशेबाची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. शेवटच्या तीन खेपा तिला नको होत्या. त्या नको म्हणण्याचा अधिकार तिला नव्हता आणि त्याचे साधनही नव्हते. तिच्या इच्छेविरुद्ध तिच्यावर लादलेले ते श्रम होते. कामाचे तास आठ असावेत म्हणून आयुष्यभर भांडणाऱ्या आम्हा लोकांना बाईच्या देहावरचे हे अमर्याद तास कधी दिसलेच नाहीत.

महाराष्ट्राला मात्र ते फार पूर्वी दिसले होते. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र निघाले तेही त्याच वर्षी. म्हणजे या बाबतीत आपण कोणाच्या मागून चाललो नव्हतो. गणिताचे हे प्राध्यापक आपल्या मतासाठी नोकरीला मुकले. १९२७ च्या जुलैपासून मरेपर्यंत, १९५३ पर्यंत, त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक एकहाती चालविले. अश्लीलतेचे खटले त्यांच्यावर भरले गेले, दंड झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कर्व्यांनी शस्त्रक्रिया स्वतःवर करून घेतली होती, बायकोवर नव्हे, ही गोष्ट आजच्या सभेने विशेष ध्यानात ठेवावी.

दुसरी घटना आपल्या कामगार चळवळीच्या इतिहासातील आहे आणि ती आपल्याच अभ्यासवर्गांत क्वचित सांगितली जाते. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव मांडला. त्यांच्या भाषणामागे त्यांचे नेते डॉ. आंबेडकर यांचा विचार होता. ठरावाच्या समर्थनात देशाचे दारिद्र्य होते, बालमृत्यू होते. पण त्याचा गाभा वेगळाच होता. कोणत्याही कारणाने एखाद्या स्त्रीला मूल नको असेल तर ते टाळण्याची शक्ती तिच्या हातात असली पाहिजे, अशी ती भूमिका होती. ‘कोणत्याही कारणाने’ हे शब्द नीट तोलून पाहा. त्यात राष्ट्राच्या योजनेचे कारण लागत नाही, नवऱ्याची परवानगी लागत नाही. ठराव मोठ्या बहुमताने फेटाळला गेला. धर्म बुडेल, नीती बुडेल, सैन्याला माणसे मिळणार नाहीत, हे आक्षेप त्या काळी सर्वत्र घेतले जात. स्वतः महात्मा गांधींचाही कृत्रिम साधनांना विरोध होता. १९३५ च्या डिसेंबरात वर्ध्यास मार्गारेट सँगर त्यांना भेटल्या तेव्हाही त्यांनी संयमाचाच आग्रह धरला. गांधीजींविषयी पूर्ण आदर बाळगून मला म्हणावेसे वाटते की, संयमाचा उपदेश ज्याला करावयाचा तो पुरुष बहुधा ऐकत नाही, आणि त्याचे परिणाम जिला भोगावे लागतात तिच्या हाती त्या उपदेशाने काहीच येत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५२ साली भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. असा सरकारी कार्यक्रम घेणारा जगातील हा पहिला देश. त्याच वर्षी मुंबईत आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि या कार्याची जागतिक संघटना तेथेच जन्मास आली. आरंभ चांगला होता. पण हळूहळू आंबेडकरांनी मांडलेला अधिकार मागे पडला आणि नियोजनकारांचा आकडा पुढे आला. वर्षाचे उद्दिष्ट ठरू लागले. ते जिल्ह्यावर, तालुक्यावर, परिचारिकेवर, शिक्षकावर वाटले जाऊ लागले. ज्याच्यासाठी योजना आखली तो माणूस ‘केस’ झाला. अमक्याने किती ‘केसेस’ दिल्या, अशी भाषा रूढ झाली. भाषा अशी बदलली की पुढे काय घडणार हे सांगावयास ज्योतिषी लागत नाही.

ते १९७६ साली घडले. आणीबाणी होती, वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप होते, आपले नेते तुरुंगात होते. सोलापूर जिल्ह्याला तो अनुभव दुरून ऐकावा लागला नाही. जानेवारी १९७६ मध्ये बार्शी शहरात नसबंदीची मोहीम झाली. ठरविलेला आकडा भरेना, तेव्हा कामासाठी शहरात आलेल्या खेडुतांना रस्त्यावरून उचलून गाड्यांत घालून शस्त्रक्रियेसाठी नेण्यात आले. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. देशात असे विधेयक संमत करणारे हे पहिले राज्य. राष्ट्रपतींची संमती त्याला मिळाली नाही, म्हणून ते कायदा होऊ शकले नाही. कर्व्यांच्या आणि आंबेडकरांच्या महाराष्ट्राने असा पहिला क्रमांक पटकवावा, ही लाजिरवाणी गोष्ट होय. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश पुरुषांच्या होत्या. शहा आयोगापुढे त्यांच्याशी संबंधित अशा १,७७४ मृत्यूंची नोंद आली. यात कारखानदार किती होते आणि सचिवालयातले अधिकारी किती होते, हे विचारण्याची गरज नाही. रस्त्यावरून उचलता येतो तो नेहमी पायी चालणारा माणूस असतो.

१९७७ च्या निवडणुकीत उत्तर भारताने याचे उत्तर दिले. येथपर्यंतचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. पुढचा भाग मात्र आपण सांगत नाही, म्हणून तो मी सांगतो. जनता सरकारात आरोग्यमंत्री झाले ते समाजवादी नेते राजनारायण. कुटुंबनियोजनाच्या खात्याचे नाव बदलून कुटुंबकल्याण असे झाले. सक्ती थांबली, ही मोठी गोष्ट झाली. नसबंदीचा आकडा एका वर्षात ८० लाखांवरून १० लाखांच्याही खाली आला. पण कार्यक्रम पुन्हा सावरू लागला तेव्हा त्यातून पुरुष जवळजवळ नाहीसा झाला होता. कोणत्याही सरकारला, कोणत्याही पक्षाला पुन्हा पुरुषाच्या वाटेला जाण्याचे धैर्य झाले नाही. मतपेटीने धडा शिकविला होता. धडा असा घेतला गेला की पुरुषाला हात लावू नये. उद्दिष्टे परत आली ती बाईच्या नावाने. सक्तीचा अन्याय पुरुषावर झाला तेव्हा एक सरकार पडले. तोच भार गुपचूप बाईच्या अंगावर सरकला तेव्हा विधानसभेत एखादा प्रश्नसुद्धा आम्ही धसास लावला नाही.

याचा आजचा हिशेब पाहा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली आहे. पुरुषांच्या नसबंदीवर विसंबणाऱ्या जोडप्यांचे प्रमाण ०.३ टक्के आहे. म्हणजे हजार जोडप्यांत तीनशे ऐंशी बायका आणि तीन पुरुष! आणि वैद्यकशास्त्र काय सांगते? बाईची शस्त्रक्रिया पोट उघडून किंवा पोटात दुर्बीण घालून करावी लागते. पुरुषाची शस्त्रक्रिया त्वचेखाली, जागेवरच भूल देऊन, काही मिनिटांत होते. बिनटाक्याची पद्धत तर आपल्या देशात १९९० च्या दशकातच आली. दोन दिवस विश्रांती, आठवडाभर जड काम वर्ज्य, पुढचे तीन महिने निरोध वापरावयाचा, एवढेच पथ्य. तिने ताकद कमी होत नाही, पौरुष जात नाही, मागावर उभे राहण्यास अडचण येत नाही. सोपी ती टाळून अवघड तीच का केली जाते, याला वैद्यकात उत्तर नाही. ते घरातील सत्तेत आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांच्या शस्त्रक्रिया उरकण्यात आल्या. त्यानंतर त्या जिल्ह्यात १३ स्त्रिया मेल्या. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला. १९७६ साली ट्रकमध्ये भरलेल्या माणसाचे चित्र आपल्या मनात घट्ट बसले आहे. शिबिराच्या फरशीवर ओळीने झोपविलेल्या बायकांचे चित्र का बसले नाही, हे प्रत्येकाने आपल्याशी विचारावे.

आता कोणी म्हणेल, इतके सारे होऊनही लोकसंख्या वाढतच आहे. मग सक्तीवाचून उपाय काय? या प्रश्नाचे उत्तर आकड्यांनीच दिले पाहिजे. १९९२-९३ साली देशात एका स्त्रीमागे सरासरी ३.४ मुले होत होती. २०१९-२१ मध्ये २.० झाली. महाराष्ट्रात तर हे प्रमाण १.७ आहे. पिढी जागच्या जागी राहण्यास २.१ पुरतात. म्हणजे वाढीचा वेग मोडला आहे, आणि तो सक्तीविना मोडला आहे. तरीही एकूण संख्या काही वर्षे वाढत राहील. कारण कालपर्यंत जन्मलेल्या मुली आज आया होण्याच्या वयात आहेत. प्रत्येकीला दोनच मुले झाली तरी त्या संख्येने पुष्कळ आहेत. धावती मोटार ब्रेक लावताच जागच्या जागी थांबत नाही, तसे हे आहे. केरळने हे आपल्याआधी साध्य केले, ते पोलीस पाठवून नव्हे. तेथे मुली शाळेत गेल्या, गावाजवळ दवाखाना आला, जन्मलेले मूल जगू लागले, आणि आईबापांचा हिशेब आपोआप बदलला. माझ्या आईचा जो हिशेब होता तोच. फक्त त्यातले आकडे बदलले.

याच आकड्यांचा आधार घेऊन एका विषारी प्रचाराचा समाचार घेणे अवश्य आहे, कारण या शहरात तो गल्लोगल्ली ऐकू येतो. एक विशिष्ट समाज मुद्दाम संख्या वाढवीत आहे, असा तो प्रचार. त्याच राष्ट्रीय पाहणीत १९९२-९३ साली मुस्लिम स्त्रीमागे ४.४ मुले होती, ती २०१९-२१ मध्ये २.४ वर आली. हिंदू स्त्रीमागे ३.३ होती, ती १.९ झाली. दोघींची संख्या घटली आणि घट मुस्लिम स्त्रियांत अधिक झाली. ज्या सोलापूरचे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा १२ जानेवारी १९३१ रोजी एकाच दिवशी फासावर गेले, त्या सोलापुरात बाळंतपणांची जातवार आणि धर्मवार मोजदाद करून भीती पिकविणाऱ्यांना आपण उत्तर दिले पाहिजे, आणि ते उत्तर आकड्यांनिशी दिले पाहिजे.

अलीकडे वारे उलट दिशेने वाहू लागले आहे. लोकसभेच्या जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठविल्या गेल्या होत्या. त्या पुन्हा वाटल्या जातील तेव्हा लहान कुटुंब पत्करलेल्या राज्यांचे वजन घटेल, या भीतीने २०२४ साली दक्षिणेतील काही नेत्यांनी अधिक मुले होऊ द्या असे म्हणावयास सुरुवात केली. काल ‘दोनच पुरे’ म्हणून दरडावीत होते, आज ‘तीन हवीत’ म्हणून आर्जव करतात. दोन्ही आज्ञा एकाच जातीच्या आहेत. दोन्हींत बाईचा देह हा राज्याच्या हिशेबाचा रकाना आहे. आपण दोन्हींना एकच उत्तर दिले पाहिजे : तिला विचारा.

मित्रहो, येथवर मी देशाचे बोललो. आता आपल्या जिल्ह्याचे बोलतो, आणि ते ऐकावयास सुखाचे नाही. त्याच पाहणीनुसार, वीस ते चोवीस वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी अठराव्या वर्षाच्या आत लग्न झालेल्या स्त्रिया महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के आहेत. सोलापूर जिल्ह्यात त्या सुमारे ४० टक्के आहेत. शारदा कायदा १९२९ साली झाला; मुलीच्या लग्नाचे वय १९७८ साली अठरा झाले; २००६ साली बालविवाह प्रतिबंधक कायदा आला. एवढ्या कायद्यांनंतर आपल्या जिल्ह्यात दहांपैकी चार मुली अजाण वयात बोहल्यावर चढतात. आणि कुटुंबनियोजनाची गोष्ट आपण कोणाशी बोलतो? तर दोन मुले झालेल्या बाईशी! जिचे सोळाव्या वर्षी लग्न, सतराव्या वर्षी पहिले मूल, विशीत दुसरे आणि पंचविशीच्या आत शस्त्रक्रिया, तिच्या बाबतीत ‘नियोजन’ हा शब्द वापरणे ही थट्टा आहे. आकड्याच्या दृष्टीने ती यशस्वी ‘केस’ होय. माणूस म्हणून तिच्या आयुष्यातला एकही निर्णय तिचा नाही.

हे का होते? पुन्हा अडाणीपणाकडे बोट दाखवू नका. ऊसतोडीची व्यवस्था पाहा. मुकादम उचल देतो ती एकट्या माणसाला देत नाही. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता होतो. घरात वयात आलेला मुलगा आहे आणि त्याचे लग्न नाही, म्हणजे एक कोयता कमी, एक उचल कमी. हंगामाच्या तोंडावर लग्न उरकले की कोयता पुरा होतो. दुसरीकडे, आईबाप सहा महिने फडावर जाणार. वयात आलेली मुलगी कोणाच्या भरवशावर गावी ठेवावयाची? शाळा सातवीपर्यंत गावात, पुढची चार मैलांवर, आणि एस. टी. वेळेवर नाही. हुंडा वयाबरोबर वाढतो. या चारही कारणांची बेरीज केली की सोळा वर्षांच्या मुलीचे लग्न होते. म्हणजे बालविवाहाचा प्रश्न मुकादमाच्या उचलीत आहे, वसतिगृहात आहे, एस. टी.च्या वेळापत्रकात आहे. हे सारे आपल्या चळवळीचे नेहमीचे प्रश्न आहेत. फक्त त्यांचा या प्रश्नाशी असलेला सांधा आपण कधी जोडला नाही.

सक्तीचे भूत आज वेगळ्या वेषात वावरते आहे, तेही सांगितले पाहिजे. सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल झालेल्या व्यक्तीस महाराष्ट्रात पंचायतीच्या निवडणुकीस अपात्र ठरविणारा नियम लागू झाला. वरवर तो निरुपद्रवी दिसतो. पण तिसऱ्या मुलाचा निर्णय बहुधा जिचा नसतोच, त्या बाईला राखीव जागेवरून घरी बसविण्यास तो उपयोगी पडतो. दुसरे असे की, घराण्याला मुलगा हवाच आणि मुले दोनच हवीत, या दोन अटी एकत्र आल्या की मधल्या मध्ये मुलगी गर्भातच नाहीशी होते. गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा कायदा १९८८ साली प्रथम महाराष्ट्राने केला, हे खरे. तरीही सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या राज्यात २००१ साली ९१३ होती, ती २०११ साली ८९४ झाली. संख्या कमी करण्याच्या नादात कोणाची संख्या कमी झाली, ते हे आकडे सांगतात.

तेव्हा आपण काय करावे? कार्यकर्त्यांच्या सभेत भाषण संपविताना कामाचे बोलले पाहिजे.

पहिले काम पुरुषांचे आहे, आणि ते या सभेतूनच सुरू झाले पाहिजे. एका वस्तीत मी संततिनियमनावर बोलत होतो. मागच्या रांगेतून एक बाई उठून म्हणाल्या, ‘भाऊ, तुम्ही आमालाच सांगायलाव. ते समोर बसलेत की, त्यांना इचारा!’ समोरचे सगळे पुरुष हसले. एकानेही उत्तर दिले नाही. ते हसणे माझ्या कानातून अजून गेलेले नाही. कारण मी स्वतःही त्या क्षणी उत्तर देऊ शकलो नाही. माझ्याही घरात शस्त्रक्रिया झाली होती ती पत्नीची. जो कार्यकर्ता समतेवर भाषण देतो आणि हा भार घरी बायकोवर टाकतो, त्याचे भाषण निम्मे खोटे आहे. मी हे माझ्यासकट सर्वांना म्हणतो. ज्यांचे कुटुंब पूर्ण झाले आहे अशा तरुण साथींनी कर्व्यांचा कित्ता गिरवावा, आणि केल्यावर ते लपवू नये. चार माणसांत सांगावे. एका माणसाने सांगितलेला स्वतःचा अनुभव दहा भित्तिपत्रकांचे काम करतो.

दुसरे काम साधनांचे. तांबी, गोळ्या, निरोध, ‘अंतरा’ हे इंजेक्शन, ही साधने सरकारी केंद्रांतून मोफत मिळावयाची आहेत. ती आपल्या वस्तीच्या केंद्रात खरोखर असतात का, की तेथे केवळ शस्त्रक्रियेचाच आग्रह धरला जातो, हे शाखेने महिन्यातून एकदा जाऊन पाहावे. दोन मुलांत अंतर ठेवणाऱ्या बाईला पर्याय मिळाला पाहिजे. आशाताईवर आपण चिडू नये. तिच्या तुटपुंज्या मानधनाच्या लढ्यात आपण तिच्याबरोबर असलो तर वस्तीतील बायकांची खरी अडचण ती आपल्याला सांगेल.

तिसरे काम बालविवाहाचे. ग्रामीण भागात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. १०९८ या क्रमांकावर कोणालाही खबर देता येते. पण लग्न मोडून पोलीस परत गेले की ती मुलगी एकटी उरते. तिला पुन्हा शाळेत बसविणे, तिच्या आईबापांच्या उचलीचे ओझे हलके करणे, तिच्यासाठी वसतिगृहातील जागा मिळविणे, हे काम पोलिसाचे नाही, चळवळीचे आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलींसाठी गावोगाव हंगामी वसतिगृहे आणि उचलीची पद्धत मोडून रीतसर मजुरीचा करार, या दोन मागण्या आपल्या मागणीपत्रात वरच्या ओळीत आल्या पाहिजेत. विडी कामगार बाईला म्हातारपणी पोटापुरती पेन्शन, ही मागणीही कुटुंबनियोजनाचीच मागणी आहे, हे आता वेगळे सांगावयास नको.

मित्रहो, आपली चूक एका वाक्यात सांगता येईल. सक्तीला विरोध करताना आपण अधिकाराचाही विसर पडू दिला. सरकारच्या हातून काढून घेतलेला निर्णय आपण बाईच्या हाती पोहोचविला नाही. तो नवऱ्याच्या, सासूच्या, मुकादमाच्या हाती पडू दिला. १९३८ साली या प्रांताच्या विधानसभेत मजुरांच्या एका पक्षाने जो ठराव मांडला आणि जो हरला, तो अजून संमत व्हावयाचा आहे. तो आता विधानसभेत संमत होऊन भागणार नाही. तो घराघरांत मांडावा लागेल, आणि पहिले मत आपले स्वतःचे द्यावे लागेल.

या चौकातून सात रस्ते निघतात. आपण सभा संपवून ज्या रस्त्याने घरी जाणार आहोत, त्या रस्त्याच्या शेवटी एक बाई दिवसभराच्या कामानंतर आपली वाट पाहत बसलेली आहे. हा विषय सरकारचा की आपला, या प्रश्नाचे उत्तर तिला विचारावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.